मेलेल्यांशी बोलणारी पोर : मराठीत काळोखी किशोर-फँटसी लिहायला बसताना

पंधरा-सोळा वर्षांचं पोर, त्याच्याकडे मरणाशी जोडलेली काहीतरी शक्ती, आणि ती कुणाला सांगावी की लपवावी या घोळात त्याचं वाढणं. हा ऐवज घेऊन कादंबरी लिहायची हौस असलेली तरुण मंडळी हल्ली बरीच भेटतात, हस्तलिखितंही वाचायला देतात. त्यातल्या निम्म्यांत पहिल्या दहा पानांतच दगडी किल्ला येतो, धुकं येतं आणि नायकाने हात वर केला की थडग्यांतून सांगाडे उठतात. नायकाचं नाव मात्र आर्यन, आणि तो सांगलीचा.

पहिल्यांदाच असलं काही लिहायला बसला असाल तर हा लेख तुमच्यासाठी. यात प्रतिभेबद्दल काही नाही. कशापासून सुरुवात करायची, माल कुठून आणायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढंच आहे. पायऱ्या शक्यतो क्रमाने घ्या; पाचवी आणि सातवी उलटसुलट झाली तरी चालेल.

१. आधी सांगाडे बाजूला ठेवा

सांगाडे उठवणारी जादू ज्या मुलखात जन्मली तिथे गावाच्या मधोमध चर्च असतं, त्याच्या आवारात थडगी असतात आणि पणजोबा-खापरपणजोबा सगळे तिथेच जमिनीखाली असतात. आपल्याकडे बहुसंख्य घरांत माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत त्याची राख झालेली असते. तिसऱ्या दिवशी सावडायचं, अस्थी पाण्यात सोडायच्या, संपलं. उठवायला देहच शिल्लक नाही.

मग शिल्लक काय राहतं? नाव राहतं. देणं राहतं. कुणाशी धरलेला अबोला राहतो. विसर्जनाला नाशिकला न्यायचं जमेपर्यंत घरात न घेता परसातल्या झाडाला टांगून ठेवलेली अस्थींची पुरचुंडी राहते. आपल्या मातीतली मरणाची जादू हाडांवर चालत नाही; ती नात्यावर आणि देण्यावर चालते. एवढं मनाशी पक्कं झालं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

अर्थात सगळ्यांकडे दहन नसतं. लिंगायतांत देह बसवून पुरतात, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत दफन होतं, दात न आलेल्या बाळालाही सहसा पुरतातच. तुमची नायिका वसईची किंवा गोव्याची ख्रिस्ती मुलगी असेल तर २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेलं अख्खं गाव तुमच्या हाताशी आहे. ती बौद्ध घरातली असेल तर तिच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. पिंड नाही, कावळा नाही. अशा घरातल्या मुलीला मेलेली आजी दिसायला लागली आणि कर्मकांड सोडल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आजोबांना ते कळलं, तर काय होईल? मला विचाराल तर ही कादंबरी कुणीतरी लिहायलाच हवी.

या पायरीचं काम : वहीत एका मेलेल्या माणसाचं नाव लिहा. वय, कशाने गेला, किती दिवस झाले, कुणाचे पैसे बुडवले, कुणाला शेवटचं काय बोलला. एक पानभर. नायक-नायिका त्यानंतर.

२. शक्ती दहाव्याच्या घाटावर शोधा

शक्ती कोणती द्यायची, हे ठरवताना लोक आधी तिचं दिसणं ठरवतात : काळा धूर, जांभळे डोळे. त्यापेक्षा एखादा विधी घ्या आणि त्यात नेमकी कुठे अनिश्चितता आहे ते बघा. जिथे माणसं श्वास रोखून थांबतात तिथेच जादूला जागा असते.

काकस्पर्शाइतकी चांगली जागा दुसरी नाही. पुण्यात ओंकारेश्वरापाशी, नाशिकला गोदावरीकाठी किंवा तुमच्या गावच्या नदीवर दहाव्याला अर्धा तास उभे राहून बघा. भाताचे पिंड, त्यावर काळे तीळ, शेजारी गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी : कांदाभजी, पेढा, कुणाकुणासाठी विडीसुद्धा. पिंड ठेवून सगळे मागे सरतात. कावळे असतात, पण येत नाहीत. एक जवळ येतो, मान वाकडी करतो, उडून जातो. मग कुजबुज सुरू होते. थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो. कावळा ढिम्म. सून पुढे होऊन म्हणते, आईंना एकटं ठेवणार नाही. मागे कुणीतरी घड्याळ बघतो, कारण दुपारी बँकेत जायचंय. न्यू जर्सीतला पुतण्या व्हिडिओ कॉलवर जागा असतो, त्याला धड काही दिसत नसतं. शेवटी कुणीतरी बरोबर ते बोलतं आणि कावळा झडप घालतो. नाहीच आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात आणि सगळे सुटल्यासारखे चपला शोधायला लागतात.

यात काय काय आयतं आहे बघा. मेलेल्याची इच्छा आहे. ती ओळखायचा जाहीर खेळ आहे. जिवंतांनी सगळ्यांसमोर दिलेली, आणि बहुतेकदा न पाळलेली, वचनं आहेत. आता या गर्दीत फक्त एक माणूस असा घाला ज्याला ती इच्छा खरोखर ऐकू येते.

इथून पुढे उदाहरण म्हणून एक पोर घेऊ. नमू, नववीत, दक्षिण कोकणातल्या एका गावात राहणारी. वडील किरवंत, म्हणजे मरणाचीच कार्यं चालवणारे भिक्षुक. गरज पडली की लोक त्यांना रात्री दोनला उठवतात आणि लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान जरा लांबच मांडतात. नमू त्यांच्यासाठी दर्भ, तीळ, पत्रावळी घेऊन घाटावर जाते. मुलगी म्हणून तिला कुणी काही शिकवलेलं नाही. पण पिंड मांडला की तो कावळा का येत नाही, हे तिला ऐकू येतं.

या मांडणीत शक्ती आणि माणूस एकमेकांना चिकटून आले. तिचा धंदा, तिचं गावातलं स्थान, तिला काय करू देत नाहीत, हे सगळं शक्तीच्या आतच आहे. वेगळं पार्श्वभूमीचं प्रकरण लिहायची गरज नाही.

हातात धरायला एखादी वस्तूही लागते. तिच्यासाठी कांडी किंवा अंगठी शोधत बसू नका. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात तो जीवखडा पुढे दहा दिवस जपतात, त्यावर तिलांजली देतात, दहाव्याला तो पाण्यात सोडतात. अंगठ्याएवढा साधा दगड. दहा दिवस मेलेला माणूस जणू त्यातच मुक्कामाला असतो. तो घरातून चोरीला गेला, तर? किंवा नमूने बदलून दुसराच दगड पाण्यात सोडला, तर?

३. किंमत सुतकातून काढा

फुकटची शक्ती कंटाळवाणी असते, हे नवशिक्यांनाही माहीत असतं. म्हणून ते काहीतरी किंमत लावतात : नाकातून रक्त येणं, आयुष्यातली वर्षं कमी होणं, एकेक आठवण पुसली जाणं. तिन्ही इतक्या वेळा वापरून झाल्यात की वाचक पान उलटतो.

किंमतसुद्धा विधीच्या आतूनच काढा. सुतक म्हणजे काय हो? गेलेल्याशी तुमचं नातं किती जवळचं, ते दिवसांत मोजायची पद्धत. सात पिढ्यांच्या आतल्या भावकीला दहा दिवस. परक्याला काही नाही. हे दिवस देवपूजा नाही, सण नाही, कुणाच्या घरी जेवण नाही. म्हणजे सुतक लागतं ते नात्यामुळे.

आता उलटा विचार करा. नमू ज्या मेलेल्याचं ऐकते त्याचं सुतक तिला लागतं. नुसतं शिवाशिवीपुरतं नाही, खरोखरीचं : दहा दिवस ती त्या माणसाच्या नात्यातली होते. त्याच्या बायकोला बघून तिच्या पोटात तुटतं. त्याच्या शेताच्या बांधावरून तिला राग येतो. आणि तेवढ्या दहा दिवसांत तिची स्वतःची आई तिला परकी वाटते. ओळखते ती आईला, नाव माहीत असतं, पण माया वाटत नाही. आई ताटात भात वाढते आणि नमूला शेजारणीकडे जेवायला बसल्यासारखं अवघडल्यागत होतं. अकराव्या दिवशी सगळं परत येतं. येतं, पण दर वेळी जरा उशिराने.

ही किंमत मांडायला रक्ताचा थेंबही लागला नाही, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाला ती लगेच कळेल. घरात असून घरातलं न वाटणं या वयात कुणाला ठाऊक नसतं!

शिवाय परंपरेतले बारीकसारीक नियम तुम्हाला फुकटात कथानक पुरवतात. एक सुतक चालू असताना दुसरं आलं तर ते सहसा पहिल्याबरोबरच फिटतं. म्हणजे नमूला पळवाट आहे : आठव्या दिवशी दुसऱ्या मेलेल्याचं ऐकलं तर दहाऐवजी दोनच दिवस भोगायचे. हुशार पोर हे शोधून काढणारच, आणि मग दोन मेलेले एकाच वेळी तिच्यात राहायला येणार. ते दोघं एकमेकांचे वैरी निघाले तर तुमचं मधलं प्रकरण उभं राहिलं.

दुसरा नियम अधिक टोचणारा. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं. ज्याने वीस वर्षांत काकाचं तोंड पाहिलं नाही त्या पुतण्याला दहा, आणि जिने शेवटपर्यंत हगणंमुतणं काढलं त्या लेकीला तीन. हा हिशोब नमूच्या जादूतही तसाच लागू आहे असं ठरवा. नमूने त्यावर भाषण देऊ नये. चौथ्या दिवशी ती लेक घाटावर येते आणि तिला काहीच ऐकवता येत नाही, एवढं दाखवलंत की झालं.

४. कॅलेंडर भिंतीवर टांगा

कथानक कसं बांधायचं यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. तुम्हाला सध्या एक मराठी कॅलेंडर पुरे. पहिला दिवस, तिसऱ्याला सावडणं, दहावा, अकरावा, बारावा, तेराव्याचं गोडाचं जेवण, मग महिन्या-महिन्याने आणि शेवटी वर्षश्राद्ध. ही मुदत वाचकाला पाठ असते, त्यामुळे 'आज नववा दिवस' एवढ्या तीन शब्दांत ताण तयार होतो.

मोठा सामना पितृपक्षात ठेवा. भाद्रपदाचा वद्य पक्ष, कोकणात म्हाळ घालायचे दिवस. अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बायका, घातचतुर्दशीला अपघाताने किंवा शस्त्राने गेलेले, आणि ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या. मेलेल्यांची ही वर्गवारी पंचांगात आयती छापलेली आहे. खिरीचा, वड्यांचा, आमसुलाच्या चटणीचा वास सगळ्या आळीत एकदम सुटतो आणि कौलांवर कावळ्यांची झुंबड उडते. नमूच्या कानांचं त्या पंधरवड्यात काय होत असेल!

पंचकाचा उपयोग जपून करा. चंद्र धनिष्ठाच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असताना माणूस गेला तर पाठोपाठ आणखी जातात असं मानतात, म्हणून देहाबरोबर पाच पुतळे जाळतात. पाचांतला एक पुतळा कुणीतरी काढून घेतला, ही कल्पना हातात आली की लगेच वापरावीशी वाटते. ती कादंबरीच्या शेवटच्या एक-तृतीयांशासाठी राखून ठेवा.

५. भूत एकच, पण त्याचा पत्ता पक्का

मुंजा, हडळ, जखीण, अलवंतीण, खवीस, समंध, गिऱ्हा, झोटिंग, चकवा. यादी मोठी आहे म्हणून सगळ्यांना कादंबरीत बोलावू नका. यातलं प्रत्येक भूत म्हणजे अर्धवट राहिलेलं एकेक चरित्र आहे. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी बुडालेला, कुणी वारस नसलेला.

किशोर कादंबरीला मुंजा सगळ्यात जवळचा. मुंज झाली, सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवणारा विधी) व्हायच्या आत गेला, पिंपळावर राहतो. म्हणजे तो तुमच्या नायिकेच्याच वयाचा आणि कायम त्याच वयाचा. कितीतरी गावांत पिंपळाखाली मुंजोबाचा शेंदूर फासलेला दगड असतो. तो नमूचा मित्र होऊ शकतो. दर वर्षी ती एका इयत्तेने पुढे जाते, तो नाही. दहावीचा निकाल लागेल तेव्हा त्याला काय वाटेल, हे मला वाचायला आवडेल.

हडळ आणि अलवंतीण लिहिताना थांबून विचार करा. ज्या बाईला बाळंतपणात मरू दिलं तिचीच भीती घालायची, हा गावाने केलेला दुहेरी अन्याय आहे, आणि आजची पंधरा वर्षांची मुलगी तो बरोबर पकडते. खविसाला जुन्या वर्णनांत सरळ परधर्मीय किंवा हबशी करून टाकलेलं दिसतं. ते जसंच्या तसं उचलू नका. मसणजोगी, भगत, स्मशानातले कामगार ही जिवंत माणसं आहेत, त्यांची पोरं तुमची वाचक आहेत. भीतीचं सामान म्हणून त्यांना आणलंत की कादंबरी तिथेच खोटी पडते.

संदर्भासाठी एक जुना ठेवा सांगतो. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, त्यांना लोकसमजुती जमवायचा नाद होता. ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून त्यांनी माहिती मिळवली होती. त्यांच्या मागे एन्थोवेन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती लावून प्रसिद्ध केली. कोकणचा भाग १९१५ चा. पुस्तक इंग्रजीत आहे, साहेबी नजरेचं आहे, पण कुठल्या गावात कुठलं भूत काय खातं इथपर्यंतचा तपशील त्यात मिळतो. स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर फुकट आहे. ती वाचा, आणि मग त्याच गोष्टी आपल्या आजीला विचारा. आजीचं उत्तर वेगळं आलं तर आजीचं घ्या.

६. पैसा, सातबारा, कायदा

मेलेल्याचं ऐकू येणारी मुलगी गावात आहे हे कळल्यावर पहिला माणूस कशासाठी येईल? मोक्षासाठी? छे. वारसनोंदीसाठी. पेटीची किल्ली कुठे, मृत्युपत्र कुणाकडे, बाबांनी तोंडी काय कबूल केलं होतं. मराठी घरांत मरणाच्या पाठोपाठ तलाठी येतो, आणि फँटसी लिहिणारे नेमकं हेच विसरतात. तुमचा खलनायक काळ्या झग्यातला नसला तरी चालेल. सफारी घातलेला, गोड बोलणारा, नमूच्या वडिलांची कौलं बदलून देणारा एक काका पुरे.

तो काका नमूच्या नावाने पैसे घ्यायला लागला की कायदा आला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चमत्काराचं सोंग करून पैसे उकळणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. गोष्ट लिहिण्यावर त्याची आडकाठी नाही. पण आजच्या महाराष्ट्रात घडणाऱ्या गोष्टीत हा कायदा अस्तित्वातच नाही असं भासवणं हा आळस झाला.

विवेकवादी कार्यकर्ता पात्र म्हणून आणलात तर त्याला विदूषक करू नका. मला तर वाटतं, नमूचं सगळ्यात नीट ऐकून घेणारा मोठा माणूस तोच असावा. त्याचा तिच्या शक्तीवर विश्वास बसत नाही, पण काका तिला राबवतोय हे त्याला पहिल्यांदा दिसतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात ठेवता आल्या तर तुमचं पुस्तक वादाला पुरून उरेल.

७. खुद्द मरण दाखवायचं असेल तर

शक्यतो दाखवू नका. मोह आवरतच नसेल तर नचिकेत वाचा. कठोपनिषदातला तो पोरगा म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान करणाऱ्या बापाला पुन्हा पुन्हा विचारतो, मला कुणाला देणार? बाप वैतागून म्हणतो, तुला मृत्यूला दिला. पोरगा खरोखर जातो. यम घरी नाही. तीन रात्री पोरगा दारात उपाशी. यम परत येतो तेव्हा पाहुणा उपाशी राहिला म्हणून ओशाळतो आणि भरपाई म्हणून तीन वर देतो. आणि त्या पोराचं पहिलं मागणं काय? माझ्या वडिलांचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं.

किशोरवयीन नायक आणि मृत्यू यांची भेट यापेक्षा नेटकी मला माहीत नाही. मृत्यू सभ्य आहे, यजमान म्हणून अपराधी आहे, आणि मुलाला ब्रह्मज्ञानाच्या आधी बाप हवा आहे.

मृत्यूला स्थानिक रूप द्यायचं तर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा, म्हणजे वेताळ, आहे. भक्त त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावभर राखणीला फिरतो, त्यामुळे चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. भुतांचा राजा आणि त्याच्या झिजलेल्या टाचा! असा एक तपशील सापडला की वर्णनाची दोन पानं लिहायची वाचतात.

८. मंत्र लिहू नका, गाऱ्हाणं घाला

संस्कृतसारखे वाटणारे बनावट मंत्र वाचणाऱ्याला लगेच कळतात, आणि खरे मंत्र वापरले तर कुणीतरी चुका काढत बसतं. कोकणात गाऱ्हाणं आहे. एक जण देवाला उद्देशून बोलतो, बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात हुकूम नसतो, विनवणी असते, थोडी तक्रारही असते. नमूचं असं काहीतरी होईल :

'बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुका हाक मारल्यान हा, ती तू मानून घे रे म्हाराजा. काय चुकला माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा.'

आणि मागे कुणीच नसताना 'व्हय म्हाराजा' ऐकू येतं. बस्स, अंगावर काटा आणायला एवढं पुरतं. तुमचं गाव देशावर किंवा विदर्भात असेल तर तिथली बोलण्याची रीत घ्या. मालवणी उसनी आणू नका. बोली स्वतःची नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वाक्य तपासून घ्या.

निवेदनाची भाषा साधी ठेवा. एक नमुना देतो. आधी अशा हस्तलिखितांत हमखास सापडणारं वाक्य :

'तिच्या नेत्रांतून गूढ जांभळा प्रकाश प्रस्फुटित झाला आणि मृत्यूच्या अथांग गर्तेतून एक भयावह आवाज घुमला.'

आता तोच प्रसंग :

'नमूने दर्भाची जुडी खाली ठेवली. माडावरचा कावळा हलला नाही. "पेटीची किल्ली थोरल्याकडं देऊ नका," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं. तिने मागे पाहिलं. मागे फक्त बाबा होते, आणि ते ज्याचं नाव घेऊन पिंडावर पाणी सोडत होते, आवाज त्याचा होता.'

दुसऱ्यात एकही विशेषण भीतीचं नाही. किल्ली मात्र आहे, आणि वाचकाला आता ती पेटी उघडून बघायची आहे.

शाळा, मोबाईल, क्लास हे विसरू नका. मेलेल्या मित्राचं शेवटचं ऑनलाइन दिसणं, चौकातला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स, ग्रुपवर ओळीने पडणारे हात जोडलेले इमोजी. आजच्या पोरांची मरणाशी ओळख इथेच होते.

९. किती काळोख

भरपूर चालतो. मुलं मोठ्यांच्या अंदाजापेक्षा घट्ट असतात. माझी हरकत दोनच ठिकाणी आहे. आत्महत्या हा शक्ती मिळवायचा किंवा लाडक्या मेलेल्याला भेटायचा रस्ता म्हणून दाखवू नका, कथेची कितीही गरज वाटली तरी. आणि कुणी तसं केल्याचा उल्लेख आलाच तर कसं केलं त्याचा तपशील देऊ नका. तुमचं पुस्तक उचलणाऱ्यांत नुकतंच कुणी गमावलेली मुलंही असणार, किंबहुना तीच आधी उचलतील. शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापायला सांगा. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

दुसरी हरकत बालमृत्यूला. बाळाचं मरण केवळ धक्क्यासाठी वापरायचं असेल तर नको.

१०. पुरं करा आणि पाठवा

पहिल्या खेपेला तीन भागांची मालिका आखू नका. नमूच्या एका दहाव्याची कथा लिहा, तीन-चार हजार शब्दांची. पहिला दिवस ते दहावा दिवस, एक मेलेला, एक किल्ली. ती जमली तर त्यातूनच कादंबरी वाढेल, आणि नाही जमली तर दोन वर्षांऐवजी दोन महिनेच गेले. कादंबरी झालीच तर चाळीस-पन्नास हजार शब्दांत आटपा.

वाचायला आधी दोघांना द्या : एक दहावीतलं पोर आणि एक असा माणूस ज्याने घरची कार्यं केली आहेत. पोराला फक्त एवढंच विचारा की वाचताना कुठे फोन हातात घेतला. दुसऱ्याला विधीच्या चुका विचारा. जातीजातीत, गावागावांत रीत वेगळी असते, तेव्हा तो 'आमच्यात असं नसतं' म्हणाला तर गोष्टीतल्या घराची रीत कुठली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

कथा दिवाळी अंकाला पाठवायची तर दसऱ्याची वाट बघू नका, अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. युनिकोडमध्ये टाइप करा, कथेबरोबर दोन ओळींचं पत्र जोडा, आणि त्या पत्रात 'ही भयकथा आहे की बालसाहित्य' याचा खुलासा करत बसू नका. वाचणाऱ्याचं वय लिहा : तेरा ते अठरा. पुढचं संपादक बघतील.